पुढच्या चाकाला चार नट, मागच्याला पाच

आई,

तुझा मागचा अ‍ॅक्सल गाडीतून काढला. आधी तेवढं सांगून टाकते, कारण तुला प्रस्तावना सोसत नसे. दवाखान्यात कुणी येऊन पिकापाण्याच्या, लग्नकार्याच्या गोष्टी सांगू लागलं की तू टेबलावर बोटं वाजवायचीस आणि म्हणायचीस, "दुखतंय कुठं, ते आधी." मला दुखतंय कुठं ते नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद. सकाळपासून घेऊन बसले आहे. चार ओळी झाल्या की उठते, गॅसवर काही ठेवलेलं नसताना स्वयंपाकघरात जाऊन बघून येते, फाटकापर्यंत जाते, परत येते. निवृत्त होऊन इतका काळ गेला तरी पायांना ते कळलेलं नाही. हे पाय तुझेच. रेल्वेचं फाटक पडलेलं असलं की तू इंजिन बंद न करता स्टीअरिंगवर हात आपटत बसायचीस, आणि अण्णा शेजारून म्हणायचे, "मेल्ल गं, मेल्ल. ती आगगाडी तरी जाऊ दे की आधी." आपल्या मैसूरच्या घरात 'सावकाश' हा मराठी शब्द कधी कुणी वापरला नाही, आणि कन्नडातला 'मेल्ल' तू कधी ऐकून घेतला नाहीस.

तुझी गाडी आता माझ्याकडं असते, मैसूरच्या कडेला हूटगळ्ळीत. तू होतीस तेव्हा इकडं नाचणीची शेतं होती. आता कारखाने, नवी घरं, सकाळ-संध्याकाळ बसगाड्या आणि मोटारसायकली. चामराजपुरमचं आपलं घर विकलं तेव्हा तुझी तपासायची खाट एका दवाखान्याला दिली, कपाटं वाटून टाकली, आणि गाडी दोर बांधून इकडं ओढत आणली. आपला धाकटा पुण्याच्या फ्लॅटात राहतो, त्याला ठेवायला जागा नाही. राखी रंग, बेडकाच्या डोळ्यांसारखे पुढचे दिवे, आत बसलं की गुडघे जवळ घ्यावे लागतात, अशी ती लहानशी विलायती गाडी. फक्त मागची चाकं मडगार्डाच्या बाहेर बोटभर डोकावणारी. पुढच्या चाकाला चार नट, मागच्याला पाच. त्यामुळं स्टेपन्याही दोन बाळगाव्या लागत, एक डिकीत, एक टपावर बांधलेली. अण्णा पाहुण्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्या संसारासारखीच आहे बघा. पुढची चाकं बेळगावची, मागची मैसूरची, आणि चालते तर आहे."

तू खरोखरच बेळगावची. तुझं लग्न ठरलं तेव्हा "पोरीला कुठं लांब मैसूर राज्यात देता" म्हणून तुझे काका कुरकुरले होते, आणि लग्नाचा मुहूर्त येईपर्यंत राज्यांची फेरमांडणी होऊन बेळगावच मैसूर राज्यात गेलं. "मी सासरी पोचायच्या आधी माझं माहेर इथं येऊन बसलं होतं," हे तू आयुष्यभर सांगितलंस. पण कन्नड तुला शेवटपर्यंत धड आलं नाही. पुरुषाला बाई करायचीस, बाईला पुरुष. खेड्यातल्या बायका कळा देता देता तुझ्या कन्नडाला हसायच्या, आणि तू म्हणायचीस, हसू देत, हसल्या की अंग सैल पडतं.

धाकट्याला मागच्या अ‍ॅक्सलची गोष्ट माहीत नव्हती. त्याला वाटायचं, जुना खराब झाला म्हणून दुसरा बसवला, जसं सगळे लोक करतात. त्या दिवशी तो गोवर अंगावर घेऊन घरात निजला होता. अण्णा शाळेत रजा टाकून त्याच्याजवळ होते. नंजनगूडच्या बाजूच्या एका गावातून एक माणूस सायकल मारत आला. त्याच्या बायकोला आदल्या दिवसापासून कळा येत होत्या. मला गोवर लागू नये म्हणून असेल किंवा पिशवी धरायला कुणी हवं म्हणून असेल, तू मला पुढच्या सीटवर बसवलंस. मी तेव्हा सहावीत असेन.

त्या घरात मला आत येऊ दिलं नाहीस. मी अंगणात शेळीच्या पिल्लाशी खेळत होते. तू बाहेर आलीस तेव्हा तुझं तोंड बघून मी पिल्लू खाली ठेवलं. मूल आडवं होतं, हात बाहेर आला होता. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, पुढं मोठी झाल्यावर तुझ्या एका वाक्यावरून जुळवलं. मोठ्या हॉस्पिटलात नेऊन पोट उघडल्याखेरीज इलाज नव्हता. मागच्या सीटवर तिला निजवलं, तिचं डोकं सासूच्या मांडीवर, नवरा सायकलनं मागून निघाला. तू गाडी सोडलीस.

अजून दिसतो तो रस्ता. तू पुढं वाकून चालवते आहेस, ओठ घट्ट मिटलेले. दोन्ही बाजूंना चिंचा, उजवीकडं कालवा. मागून ती बाई ओरडत नाहीये, नुसती हुंकारते आहे. कालव्याच्या पुलाचा चढ येतो, तू गिअर उतरवतेस, आणि गाडीच्या पोटातून खट् असा आवाज येतो, वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. गाडी थांबते. इंजिन चालूच आहे. तू पुन्हा गिअर टाकतेस, क्लच सोडतेस, इंजिन जोरात घुमतं, वेगाचा काटा वर चढतो, दहा, वीस. मी काट्याकडं बघते आणि आनंदानं म्हणते, "आई, चालली, चालली!" तू माझ्याकडं न बघता म्हणतेस, "काट्याकडं काय बघतेस? झाडाकडं बघ." मी खिडकीतून बघते. चिंच होती तिथंच.

मागच्या दोन चाकांना फिरवणारे दोन दांडे अ‍ॅक्सलच्या पोटात असतात. त्यातला एक तुटला की इंजिनाची सगळी ताकद तुटलेल्या बाजूनं वाहून जाते आणि धड चाकही फिरत नाही. हे मी पुढं पॉलिटेक्निकमध्ये किती वर्गांना फळ्यावर काढून दाखवलं. दांडा, त्याचे दाते, तुटण्याची जागा. प्रत्येक वेळी हात सरळ चालला. त्या दिवशी मात्र मला एवढंच कळलं की तू खाली उतरून गाडीखाली वाकून बघितलंस, उठलीस, साडीचा पदर खोचलास आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिलीस. एक बैलगाडी आली, ती उलट्या दिशेची. नवरा सायकलनं येऊन पोचला, त्याला तू पुढं पिटाळलंस, मिळेल ते वाहन आण म्हणून. मग तू मागचं दार उघडून बाळाचे ठोके ऐकायची तुझी ती लाकडी नळी तिच्या पोटावर लावलीस, कान टेकलास. उठलीस, रस्त्यावर गेलीस, परत आलीस, पुन्हा नळी लावलीस. असं कितीदा केलंस कुणास ठाऊक. ऊन कलायला लागलं. मग एकदा तू कान टेकलास तो बराच वेळ टेकूनच राहिलीस. नंतर नळी पुसलीस, पिशवीत ठेवलीस, आणि त्यानंतर पुन्हा काढली नाहीस. मी रडू लागले. का ते मला सांगता आलं नसतं. तू म्हणालीस, "रडायचं तर पलीकडं जाऊन रड. हिला अजून न्यायचीय."

शेवटी विटांचा एक लॉरीवाला थांबला. अर्ध्या विटा त्यानं रस्त्याकडेला उतरवल्या. सगळ्यांनी धरून तिला वर चढवलं. ती बाई वाचली. त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिची सासू तुझ्यापुढं उभी राहिली, आणि मला वाटलं आता ती तुला मारणार. तिनं तुझ्या दंडावर हात ठेवला. "एनु माडोदु, तायी," म्हणाली. काय करणार, बाई.

दुसऱ्या दिवशी गाडी बैलांनी ओढत घरी आली. संध्याकाळी तू अंगणात बादल्या भरभरून मागची सीट धूत होतीस. मी नळाखाली बादली धरत होते. पाणी स्वच्छ येऊ लागलं तरी तू धूतच होतीस. तेव्हा म्हणालीस, "अण्णांना मी सांगते. धाकट्याला नाही सांगायचं. त्याला या गाडीत बसायचंय अजून." मलाही बसायचं होतं, पण ते तुझ्या ध्यानात आलं नसावं.

नुसता दांडा बदलून भागलं असतं. मंडी मोहल्ल्यातला मेस्त्री तसंच म्हणाला. तुला ते पटलं नाही. तू अण्णांना घेऊन भंगाराच्या वखारी धुंडाळल्यास आणि एका ठोकरलेल्या टॅक्सीचा आख्खा मागचा अ‍ॅक्सल घेऊन आलीस. हातगाडीवरून. मेस्त्रीनं कपाळाला हात लावला. तो अ‍ॅक्सल रुंद, जड, मोठ्या गाडीचा. स्प्रिंगच्या पाट्यांवर बसायच्या जागा जुळत नाहीत, इंजिनाकडून येणारा प्रोपेलरचा दांडा कापून आखूड करावा लागेल, ब्रेकच्या नळ्या बदलाव्या लागतील. "डॉक्टरम्मा, हे म्हणजे शेळीला म्हशीचे पाय," तो म्हणाला. तू म्हणालीस, "मोडत नाहीत ना म्हशीचे? मग बसव." मापं घ्यायला तू मला गाडीखाली घातलंस, माझं अंग लहान म्हणून. माझ्या हातात शिलाईची टेप होती. मी माप सांगितलं, तू खाली वाकून परत मोजलंस आणि ओरडलीस, "टेप ताणतेस! ताणून घेतलेलं माप म्हणजे खोटं माप." दुसऱ्या दिवशी तू मला पोलादी पट्टी आणून दिलीस. वाढदिवस नव्हता, काही नव्हतं. मी मशीन ड्रॉइंग शिकवण्यात जन्म घालवला, त्याचं मूळ कुणी विचारलं तर मी काहीतरी मोठं सांगते. मूळ हे आहे, तू ओरडलीस ते.

त्या काळात गाडी अंगणात ओंडक्यांवर, आणि तू बसनं, टांग्यानं, एकदा तर कुणाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून बाळंतपणं करत हिंडलीस. मग गाडी रस्त्यावर आली ती वेगळ्याच आवाजाची. मागून घूं घूं करायची, वेग वाढला की आवाज चढायचा. खेड्यात गाडी दिसायच्या आधी ऐकू जायची. पोरं ओरडत सुटायची, "डॉक्टरम्मा बंद्रु!" डॉक्टरीणबाई आल्या. ती बाई पुन्हा गरोदर राहिली तेव्हा तू स्वतः तिच्या गावी गेलीस. दिवस भरायच्या आधीच तिला मैसूरला आणून आपल्या घरी ठेवायचं तू ठरवलं होतंस. मला शाळेला सुट्टी होती, मी तुझ्याबरोबर. तिनं गाडी बघितली आणि दाराची चौकट धरली. "ई गाडी बेडा." ही गाडी नको. तू समजावलंस, अ‍ॅक्सल बदललाय म्हणालीस, मागची चाकं दाखवलीस, नट दाखवलेस. तिनं मान हलवली. सासू म्हणाली, बैलगाडी जोडतो.

मला वाटलं तू चिडशील. तू म्हणालीस, "सरी," बरं, आणि गाडीत बसलीस. बैलगाडी पुढं, गवतावर घोंगडी अंथरून ती निजलेली, आणि मागं आपण. पहिल्या गिअरमध्ये. गावापासून मैसूरपर्यंत. गाडी तापायची, तू चिंचेखाली थांबवायचीस, बैलगाडी पुढं जाऊ द्यायचीस, मग पाणी घालून पुन्हा तिला गाठायचीस आणि पुन्हा मागून चालायचीस. लॉरीवाले हॉर्न मारून हसत जायचे. "काय बाई, बैल पळतात काय जोरात?" असं एकानं विचारलं. सासू बैलगाडीत मागं तोंड करून बसली होती, सगळा वेळ आपल्याकडं बघत. कालव्याच्या पुलावर मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तुझे हात स्टीअरिंगवर पांढरे पडले होते, आणि पूल मागं गेला होता. घरी पोचलो तेव्हा अण्णा फाटकाशी उभे होते. ते म्हणाले, "आज मेल्ल आलं वाटतं जमायला." तू आत जाऊन पाणी प्यायलीस. तिला मुलगी झाली. परत जाताना ती गाडीत बसली. मागच्या सीटवर, पोरीला मांडीवर घेऊन, डोळे घट्ट मिटून.

हे सगळं धाकट्याला कधी सांगितलं नाही, आणि म्हणून यंदा त्याचा फोन आला तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही. दसऱ्यात जुन्या गाड्यांची फेरी निघते, त्यात त्याला तुझी गाडी न्यायची होती. त्यांचा नियम, गाडी आतून बाहेरून मूळची हवी. त्यानं कोइमतूरच्या एका शौकीन माणसाकडून त्याच मॉडेलचा मागचा अ‍ॅक्सल मिळवला होता. "अक्का, आईची गाडी होती तशी करू," तो म्हणाला. किती आनंदात होता. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, पाठव.

इथून दोन गल्ल्या सोडून एक गॅरेज आहे. चालवणारा चाळिशीचा, बोलका, जुन्या गाड्यांचा वेडा, कामात मात्र विसरभोळा. पाना कुठं ठेवला ते शोधण्यात त्याचा निम्मा दिवस जातो. मी रोज सकाळी जाऊन उभी राहायची. तो खुर्ची द्यायचा, मी बसायची नाही. त्यानं गाडी उचलली, पाट्यांचे यू-बोल्ट गंजून बसले होते ते कापले, आणि तुझा अ‍ॅक्सल जॅकवरून हळूहळू खाली आला. मला वाटलं होतं मी तिथं थांबू शकणार नाही. थांबले. मग त्यानं तारेच्या ब्रशनं चिखल खरवडला आणि मला हाक मारली. "इल्लि नोडी, मेडम." बघा इथं.

डाव्या बाजूला, पाट्यावर बसायची जागा जिथं मेस्त्रीनं जोडून दिली होती, तिथला जोड तडकलेला होता. आरपार. आणि त्या तड्यावर दोन जाड पट्ट्या, खालून वरून, बोल्टांनी आवळलेल्या. "हे आत्ताचं नाही," तो म्हणाला, "गंज बघा, तुमच्या आईंच्या वेळचंच. कुणी बसवलं असेल?"

मला आठवलं. एका दसऱ्याच्या सुट्टीत तू गोणपाट अंथरून गाडीखाली निजली होतीस आणि मेस्त्री तुझ्या शेजारी. मी काय झालं विचारलं तर म्हणालीस, तेल गळतंय. त्यानंतरच तुझं ते सुरू झालं असणार. चढ आला, खड्डा आला की तू म्हणायचीस, "गप्प बसा सगळे." गाणं म्हणत असलो तर तोडायचं, भांडत असलो तर थांबायचं. आम्हाला वाटायचं, तुझा हा डॉक्टरी हुकूम. आई, तू ऐकत होतीस. न मोडणारा म्हणून हातगाडीवरून आणलेला अ‍ॅक्सल तडकलाय हे तुला माहीत होतं, आणि तू त्यावर रोज निघत होतीस.

मला तुझा राग आला. असा आला की मी गॅरेजमधून सरळ चालत सुटले, मुख्य रस्ता ओलांडून कारखान्यांच्या भिंतीपर्यंत गेले, परत फिरले. आम्ही दोघं मागच्या सीटवर बसायचो. ती बाई तिच्या पोरीला घेऊन बसली होती. किती बायका बसल्या. तुला आमची काळजी नव्हती काय? दुसरा बघता आला नसता? मग मीच तुझ्या आवाजात उत्तरं देत चालले. दुसरा आणायचा कुठून. गाडी पुन्हा ओंडक्यांवर चढली असती, तोवर त्या गावांना जायचं कुणी. पट्टी आवळली की चालतंय, चालतंय तोवर चालवायचं. ही उत्तरं मला पटली नाहीत. अजून पटलेली नाहीत. वर्गात एखाद्या मुलीनं असा जोड काढून दाखवला असता तर मी तिला नापास केलं असतं.

कोइमतूरचा अ‍ॅक्सल बसला. तो मात्र निमूट बसला, जणू वाटच बघत होता. चारही चाकांना चार चार नट. मागची चाकं मडगार्डाच्या आत गेली. गॅरेजवाला शेजारी बसला आणि मी गाडी रिंग रोडवर काढली. आवाजच नाही. मी उगीच वेग वाढवला, कमी केला, कान देऊन बसले. गाडी लोण्यासारखी चालत होती. गॅरेजवाला विचारत होता, "कशी वाटते, मेडम?" मी म्हटलं, छान. परत आल्यावर माझे खांदे दुखत होते. न येणाऱ्या आवाजाला मी सगळा वेळ अंग आवळून बसले होते.

धाकटा आला. नवा सदरा घालून, केस रंगवून. फेरीच्या सकाळी गाड्यांची रांग लागली होती, पुढं हलेना. तो तुझ्या जागी, मी शेजारी. लोक येऊन फोटो काढत होते. तो सगळ्यांना सांगत होता, आमच्या आईची गाडी, त्या काळी ती स्वतः चालवायची. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "अक्का, आई असती तर किती खूश झाली असती. अगदी होती तशी झाली."

"अशी नव्हती ती," मी म्हटलं.

आणि मग त्या रांगेतच सांगितलं. कालव्याचा पूल, नळी, विटांची लॉरी, बैलगाडी, पट्ट्या. रांग हलली, मागच्यानं हॉर्न वाजवला, धाकट्यानं गाडी पुढं घेतली ती बंदच पाडली. पुन्हा सुरू केली. पुढं कुठंतरी आल्यावर म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"आईनं सांगू नको म्हटलं होतं."

"आई जाऊन तीस वर्षं झाली, अक्का."

लोक हात हलवत होते, तोही हात हलवत होता, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. उन्हानं असेल असं बघणाऱ्याला वाटलं असेल. थोड्या वेळानं म्हणाला, "परत बसवू. तोच बसवू. उद्याच सांगतो त्याला."

"नको."

"नको म्हणजे? तूच तर आत्ता..."

"तडकलाय तो. आणि आईला काय तो आवडायचा असं वाटतं तुला? पहिला मोडला म्हणून तो आणला तिनं. ह्याहून बरा हाती लागला असता तर म्हशीचे पाय तिथंच मंडी मोहल्ल्यात टाकून दिले असते. देवघरात ठेवायची वस्तू नाही ती. भंगारात घालायची."

मी हे अगदी ठाम सांगितलं. वर्गातल्या आवाजात. पुण्याला जाताना त्यानं मला बराच वेळ जवळ धरलं, असं तो करत नाही. गाडीत बसून स्टेशनला गेला. मीच चालवली. वाटेत खड्डे आले तेव्हा आम्ही दोघंही बोलायचे थांबलो आणि मग एकमेकांकडं बघून हसलो.

अ‍ॅक्सल माझ्या पोर्चमध्ये आहे, दोन विटांवर, वर गोणपाट. गॅरेजवाल्यानं आणून टाकला. जाता येता माझी नडगी त्याच्यावर आपटते. आपल्या गल्लीत एक भंगारवाला येतो, त्याला मीच सांगून ठेवलं होतं, लोखंड आहे, घेऊन जा. तो आत्ता, हे लिहीत असताना, फाटकाशी येऊन उभा राहिला. इथं घरातल्या बाईला सगळे अम्माच म्हणतात, त्यानंही तीच हाक मारली. एकदा मारली, परत मारली. मी खुर्चीतून उठले, खिडकीच्या पडद्याआड गेले आणि तिथूनच ओरडले, "अम्मा इल्लाप्पा!" अम्मा घरात नाही. तो गाडा ढकलत निघून गेला.

हा कागद कुठं टाकायचा ते ठरलेलं नाही, टाकायचा नाहीच. पण भंगारवाल्याला काय सांगितलं ते तुला कळवावंसं वाटलं. खोटं बोलले. तसं बघितलं तर तेही धड खोटं नाही.